बॅगपाइपचा खालचा सूर

“पाइप बिघडलाय त्याचा,” हेर रॉस म्हणाले. “आणि ते कबूल करायला तो तयार नाही.”

“पाइप ठीक आहे,” योर्ग म्हणाला. “तुमचे कान बिघडलेत.”

“ते मला माहीत आहे. म्हणून तर इथे आलोय.”

दोघं माझ्या टेबलासमोर बसले होते. मी जर्मनीत, एर्लांगेनमध्ये श्रवणयंत्रांच्या एका दुकानात काम करते. लोकांच्या कानांना यंत्र बसवायचं आणि कॉम्प्युटरवर त्याची सेटिंग्ज ठरवायची, हे माझं काम. हेर रॉस, म्हणजे आपल्याकडचे श्रीयुत रॉस, ऐंशीच्या घरातले, मूळचे स्कॉटलंडचे. लग्न करून इकडे आले आणि इथलेच झाले. योर्ग पोस्टात आहे. बॅगपाइप वाजवायला त्याला हेर रॉसनीच शिकवलं. आता दम पुरत नाही, म्हणून ते स्वतः फक्त गातात.

ते दोघं राहतात त्या जवळच्या गावाचं स्कॉटलंडमधल्या एका गावाशी नातं आहे. अशा जोडगावाला इथे पार्टनरश्टाट म्हणतात. दर उन्हाळ्यात तिकडचे पाहुणे येतात आणि चौकात समारंभ होतो. महापौरांचं भाषण संपलं की योर्ग वाजवतो आणि हेर रॉस एक जुनं स्कॉट्स गाणं सुरू करतात. पहिलं कडवं त्यांनी एकट्याने म्हणायचं, मग सगळ्यांनी. गेल्या वर्षी त्यांनी भलत्याच पट्टीत सुरुवात केली. लोक हसले. प्रेमाने हसले, पण हसले. यंदा राटहाउसमधून, म्हणजे नगरपालिकेतून, फोन आला होता: झेपत नसेल तर रेकॉर्डिंग लावू.

“रेकॉर्डिंग,” हेर रॉस एवढंच म्हणाले. यावर योर्गने चेष्टा केली नाही.

समारंभ येत्या शनिवारी होता.

यंत्रं त्यांच्या कानात होतीच. ती तशीच ठेवून मी नेहमीची टेस्ट घेतली. शब्द त्यांना स्वच्छ ऐकू येत होते. कॉम्प्युटरच्या मते सगळं उत्तम होतं.

माझ्या शेफिन, म्हणजे बॉस, फ्राऊ केलर दारातूनच म्हणाल्या, “आल्झो, सोपं आहे. गाताना यंत्रं काढून ठेवा.”

“मग पाइप ऐकू येतो, माणसं येत नाहीत,” हेर रॉस म्हणाले. “हे गाणं माणसांबरोबर म्हणायचं असतं.”

फ्राऊ केलर आत येऊन ऐकत बसल्या. असं क्वचित होतं.

मी योर्गला पाइप वाजवायला सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. मी फार हळू बोलते, आणि आमच्या दुकानात हा मोठाच दोष आहे.

बॅगपाइपची हवेची पिशवी बगलेत धरतात. खांद्यावरच्या लांब नळ्या एकच सूर अखंड धरून ठेवतात. पुढे भोकांची एक नळी असते, तिच्यावर चाल वाजते. हे वाद्य हळू वाजतच नाही. शेल्फवरची बॅटऱ्यांची पाकिटं थरथरली. शेजारच्या बेकरीतली बाई दारात येऊन उभी राहिली. मी मात्र खालचा सूर ऐकत होते. शाळेत असताना मी थोडं गाणं शिकले होते. शिकवायला येणाऱ्या बाई सूरपेटी सुरू करायच्या आणि ती माझी रोजचीच खोली देवळासारखी वाटायला लागायची. इतक्या वर्षांनी, ट्यूबलाइटखाली, तसंच झालं.

“मला आत्ताही तो सूर येतो आणि जातो,” हेर रॉस म्हणाले. “आणि वरची चाल थरथरते.”

माझ्या फोनवर सूरपेटीचं अ‍ॅप आहे. दुकानात कुणाला सांगितलेलं नाही. मी त्यांचं एक यंत्र मागून घेतलं, त्याला स्टेथोस्कोपसारखी नळी जोडली आणि फोन समोर धरून ऐकलं. सूर आला. काही सेकंदांतच तो विरत गेला.

मग उलगडा झाला. पंखा, गाडीचं इंजिन, जे जे एकसारखं वाजत राहतं त्याला यंत्र गोंगाट समजतं आणि दाबतं. शिवाय यंत्राचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. ती खोडायची सोय आत असते, आणि तिला लांबवलेला प्रत्येक सूर शिट्टीसारखा वाटतो. म्हणजे खालचा सूर गायब आणि वरची चाल डळमळीत. हेर रॉसना पाय ठेवायला जागाच उरत नव्हती.

“यंत्र पाइपलाच बिघाड समजतंय,” मी म्हणाले.

“गेनाऊ! मी काय म्हणत होतो?” योर्ग म्हणाला.

उपाय होता. गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम करायचा, त्यात या दोन्ही सोयी बंद. कानामागचं बटण दाबलं की तो सुरू होणार.

“आणि महापौरांसमोर शिट्टी वाजली तर?” फ्राऊ केलर म्हणाल्या.

“कानात घट्ट बसणारा साचा केला तर नाही वाजणार.”

“शनिवारपर्यंत कोण देणार?”

“मी लॅबला फोन करते.”

जर्मनमधून फोन करणं मी एरवी टाळते. त्या दिवशी केला. साचे शुक्रवारी आले.

शनिवारी मी चौकात सगळ्यात मागे उभी होते. फ्राऊ केलरही आल्या होत्या. भाषण संपलं. योर्गने पिशवी दाबली. हेर रॉसनी कानामागे बोट नेलं.

चाल सुरू झाली आणि गायची जागा निघून गेली. ते डोळे मिटून नुसते उभे. फ्राऊ केलरनी माझं कोपर घट्ट धरलं. मला वाटलं, बटण चुकलं. माझंच काहीतरी चुकलं. योर्ग न थांबता पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागला.

मग हेर रॉस गायला लागले. आवाज म्हातारा होता, कडेला फाटलेला. पण तो खालच्या सुरावर असा जाऊन बसला की माझ्या हातावर काटा आला. आइस्क्रीमवाल्याने चमचा खाली ठेवला. दुसऱ्या कडव्याला स्कॉटलंडचे पाहुणे उठले, मग गाव. हे गाणं हात धरून म्हणतात; कुणीतरी माझा एक हात धरला, फ्राऊ केलरनी दुसरा. शब्द मला येत नव्हते. चाल पाचच सुरांची, आपल्या भूपाच्या घरातली वाटावी अशी. ती कुणी बांधली हे हेर रॉसनाही माहीत नाही. मी गुणगुणले. चक्क ऐकू येईल एवढ्या आवाजात.

सोमवारी हेर रॉस तपासणीला आले.

“पहिल्यांदा तुम्ही सुरुवात का नाही केली?” मी विचारलं.

“ऐकत होतो. वर्षभर ऐकला नव्हता तो सूर.”

यंत्रं त्यांच्या कानातच ठेवून मी ती कॉम्प्युटरला जोडली. शनिवारपासून गाण्याचाच प्रोग्रॅम चालू होता.

“घरी त्रास नाही होत?”

“फ्रिज ऐकू येतो आता. रात्रंदिवस एकच सूर धरतो. योर्गपेक्षा स्थिर आहे.”

मी सेटिंग बदलायला माउस हलवला. त्यांनी दोन्ही कान हातांनी झाकले.

आता नवा प्रोग्रॅम दिला की मी तो सुरू कसा करायचा ते सांगते आणि बंद कसा करायचा तेही सांगते. यातली दुसरी गोष्ट कुणी ऐकून घेत नाही.