बरणीतला हात

मैत्रिणींनो, दुपारपासून हातात चमचा धरून बसलेय. कुणाला सांगावं कळेना, म्हणून इथे लिहिते.

आज सुट्टी होती, तर शहाद्याच्या आमच्या घरातलं किराण्याचं कपाट आवरायला काढलं. आठवड्याच्या भाज्या ठरवल्या, डाळी नव्या डब्यांत भरल्या. रोजच्या डब्यातलं तिखट संपलं होतं, म्हणून वरच्या फळीवरची चिनीमातीची बरणी खाली घेतली. उन्हाळ्यात डंकावरून मिरची कुटून आणल्यावर ती सासूबाईंनी भरली होती. दिवाळीआधी त्या गेल्या.

झाकण काढलं आणि आत त्यांचा हात दिसला. तिखट तळहाताने दाबून भरायची त्यांची सवय होती. पाची बोटांचा ठसा जसाच्या तसा, करंगळीसुद्धा त्यांच्यासारखीच वाकडी.

माझ्याने चमचा घालवेना. बरणी ओट्यावर तशीच उघडी ठेवली आणि साधं वरण केलं, बिनमिरचीचं.

जेवताना सासऱ्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"काय झालं, आबा?"

"वरण तिखट शे, माय."

मी पान उचलून आत आले आणि बरणीत डोकावले. ठसा होता, पण आता मोठा झाला होता, आणि करंगळी सरळ. आबांनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला होता.

रात्रीच्या भाजीला तिखट तर लागणारच. सांगा ना, पहिला चमचा कुठून काढू?