रिकाम्या बादल्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. पौर्णिमेला विहारात डोळे मिटून बसते, तेव्हा याच्या अगदी जवळ जाते आणि — मागे फिरते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

मी नर्सिंगची शिक्षिका होते. बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यानं काढलेलं आमचं कॉलेज. पुण्याला जाऊन मी एक खास प्रशिक्षण घेऊन आले होते — खऱ्या रुग्णाला हात लावायच्या आधी मुलींनी खोट्या रुग्णावर शिकायचं. कधी रबराचा पुतळा, कधी आजारी असल्याचं सोंग घेतलेला माणूस. तिथं चुकलं तरी कुणाचा जीव जात नाही. मला ते फार आवडलं होतं. जिथं चुकायला परवानगी आहे अशी जागा — आमच्यासारख्यांना कुठं मिळाली होती हो अशी जागा?

आमच्यासारख्या म्हणजे मी आणि मंगल. मंगल सिरसाळ्याकडची, आमच्याच समाजातली. तिचे वडील दूध सोसायटीत कॅन उचलायचे. बारावीनंतर तिचं लग्न ठरवायला निघाले होते, तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. पोरगी हुशार आहे, माझ्यावर सोडा, असं मी तिच्या वडिलांना म्हणाले. त्यांनी खरंच सोडली. वर्गात ती मला मॅडम म्हणायची आणि घरी आली की ताई.

त्या साली पाऊस पडल्यासारखा पडला, इतकंच. ऊस नव्हता, कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. रिकाम्या आवारात संस्थेनं चारा छावणी उघडली. जनावरं आली, जनावरांमागं माणसं आली, साड्यांचे आडोसे करून राहिली. उन्हानं माणसं पडायला लागली तेव्हा वरून निरोप आला — उष्माघात झाला तर काय करायचं, याचं प्रात्यक्षिक छावणीतच करून दाखवा. चेअरमनसाहेब येणार होते, आरोग्य खात्याचे अधिकारी येणार होते, फोटोवाले येणार होते. आणि हे सगळं माझ्या हाती दिलं होतं. मी किती हुरळले असेन, विचार करा.

पुतळा बरळत नाही, तडफडत नाही. मला जिवंत माणूस हवा होता. छावणीत हिराबाई होती — धारूरच्या डोंगरातून दोन बैल आणि एक गाय घेऊन आलेली, चाळिशीची, हसऱ्या तोंडाची. मी विचारलं तर पदर तोंडाला लावून हसली. "म्हंजी मी मरायला टेकल्याचं सोंग करायचं व्हय?" म्हणाली. मी हो म्हणाले. तिला त्याची मोठी गंमत वाटली होती.

पुण्यात पहिल्याच दिवशी आम्हाला एक गोष्ट बजावली होती. सोंग घेणाऱ्या माणसाशी आधीच एक शब्द ठरवायचा. तो शब्द त्यानं उच्चारला की सगळं जागच्या जागी थांबवायचं, मग समोर कुणी का बसलेलं असेना. मी हिराबाईशी शब्द ठरवला नाही. विसरले नव्हते — ठरवला नाही. बाई मध्येच लाजून काहीतरी बोलेल आणि पाहुण्यांसमोर शोभा होईल, असं वाटलं. उलट तिला सांगितलं, काही झालं तरी मी म्हणेपर्यंत उठायचं नाही.

पाहुण्यांना उशीर झाला. ऊन चढत गेलं. हिराबाई उघड्यावर, ठरलेल्या जागी बसून होती. फोटो चांगले यावेत म्हणून ती जागा मीच निवडली होती. सावलीत बसा, असं मी तिला म्हणाले का? नाही म्हणाले.

गाड्या आल्या. माईक माझ्या हातात. मी खूण केली आणि हिराबाई आडवी झाली. मुली स्ट्रेचर घेऊन धावल्या, मंगल त्यांची गटप्रमुख. त्यांच्या हातात बादल्या होत्या — रिकाम्या. जनावरांना पाणी टँकरनं यायचं. तहानलेल्या जनावरांच्या डोळ्यांदेखत पाणी जमिनीवर ओतलं तर लोक भडकतील, म्हणून ओतल्यासारखं करायचं ठरलं होतं. ते ठरवणारीही मीच.

मंगलनं हिराबाईच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. मग मानेवर ठेवला, काखेत घातला. ती उठून माझ्याकडं आली. माईकवर हात ठेवून मी कान पुढं केला.

"मॅडम, हे खरं हाय. अंग भाजतंय, घाम न्हाई. बैलाला हाका मारायलीय."

घाम थांबला, अंग तापलं, बोलणं भरकटलं — ही लक्षणं मीच फळ्यावर लिहिली होती. मला कळलं होतं का? मी स्वतःला हे इतक्यांदा विचारलंय. त्या क्षणी मी हिराबाईकडं बघायचं टाळलं, हे नक्की. म्हणजे कळलंच होतं. आणि मी माईकवरचा हात काढला आणि मोठ्यानं म्हणाले, बघा, आमच्या विद्यार्थिनी प्रसंगाशी किती एकरूप झाल्यात.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मंगल परत गेली. मुली त्या बाईवर रिकाम्या बादल्या उपड्या करत होत्या. एक झाली की दुसरी. खरोखर जळणाऱ्या अंगावर — काहीच नाही. हिराबाईचे ओठ हलत होते आणि फोटोवाला आणखी जवळ गेला. मंगल पुन्हा आली. या वेळी तिनं माझा हात धरला.

"ताई, ती मरंल."

मी हात सोडवून घेतला. नाटक मोडू नकोस, असं दातांवर दात ठेवून म्हणाले.

मग तिनं काय केलं — बादली उचलली आणि जनावरांच्या हौदाकडं धावली. तेवढ्यात हिराबाईला झटके आले. टाचा मातीत घासत होत्या, डोळे पांढरे झाले होते. कुणीतरी हसलंसुद्धा, इतकं हुबेहूब म्हणून. मग मंगलनं शेवाळलेलं पाणी तिच्या अंगावर ओतलं, इतर मुलींना ओरडून सांगितलं, मुली धावल्या, तेव्हा कुठं सगळ्यांना समजलं. मी काय करत होते? मी माईक धरून उभी होते. हलताच येईना. इतकी वर्षं शिकवलेलं सगळं अंगातून निघून गेलं होतं. हिराबाईला आरोग्य खात्याच्या गाडीत मंगलनं घातलं, मी नाही.

ती वाचली. पण अंबाजोगाईच्या दवाखान्यातून परत आली ती वेगळीच होऊन. एक पाय ओढायची, हाताला कंप, बोलताना शब्द सापडायचा नाही. तिचा भाऊ येऊन जनावरं आणि तिला घेऊन गेला.

संस्थेनं चौकशी लावली. ऑफिसात संस्थेचे तिघे बसले होते, मी खुर्चीवर, मंगल दाराशी उभी. बाईची तब्येत खरंच बिघडली आहे, हे आधी कुणाच्या लक्षात आलं होतं का, असं विचारलं. मंगल म्हणाली, मी मॅडमना सांगितलं होतं. तिघांनी माझ्याकडं पाहिलं. माईकवर मी केलेलं मुलींचं कौतुक सगळ्या छावणीनं ऐकलं होतं. तिचं बोलणं मात्र माझ्या एकटीच्या कानात पडलं होतं.

मी नाही म्हणाले. गटप्रमुखानं मला काही सांगितलं नाही.

इतकं सोपं होतं ते. आवाजही कापला नाही. त्याचाच धक्का मला आजही बसतो — की माझा आवाज कापला नाही.

मंगलनं फक्त माझ्याकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता. तिला ते खरं वाटतच नव्हतं. आपण काही चुकीचं ऐकलं का, असं तिचं तोंड झालं होतं.

आणि एक गोष्ट त्यांनी विचारलीच नाही, म्हणून ती मंगललाही ठाऊक नाही. आदल्या संध्याकाळी मी हिराबाईला सांगितलं होतं, सकाळपासून पाणी पिऊ नका, ओठ कोरडे दिसले पाहिजेत. त्या दुष्काळात, त्या उन्हात, एका बाईला मी हे सांगितलं. आणि तिनं ते ऐकलं. शिकलेली बाई सांगतेय म्हटल्यावर ऐकलं.

मंगलला काढून टाकलं. वडील तिची पेटी न्यायला आले, तेव्हा मला भेटल्याशिवाय गेले नाहीत. हात जोडून म्हणाले, "तुमी लई केलं तिच्यासाठी. आमच्याच पोरीला न्हाई जमलं." मंगल मागं उभी होती. तिनं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मी त्यांचा नमस्कार घेतला. पुढच्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, आणि नवऱ्याबरोबर ती ऊस तोडायला कोल्हापूरकडं जायला लागली, असं कानावर आलं.

इथं थांबता आलं असतं. पण मी थांबले नाही, तर तुम्ही का थांबावं?

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. दरवर्षी नव्या मुलींना हा प्रसंग सांगायची. नावं न घेता, दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजात घडला म्हणून. एका विद्यार्थिनीला रुग्णाची अवस्था कळली, पण शिक्षिकेला सांगायचं धाडस तिला झालं नाही — असं सांगायची. मुली वहीत उतरवून घ्यायच्या. एकीनं एकदा विचारलं, ती असं कसं गप्प बसली, मॅडम? मी तिला म्हणाले, भीती वाटते माणसाला.

ती गप्प बसली नव्हती. तिनं मला दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा मला नीट ऐकू आलं होतं.