रसिलाफईची आठवण

आमच्या समोर कंसारांचं घर आहे, खाली भांड्यांचं दुकान आणि वर बिऱ्हाड. तिथली रसिला ही गुजरातेतल्या महुव्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीची फई, म्हणजे आत्या. खरं तर तिला भाचा एकच, पराग. लग्नानंतर वर्षाच्या आत ती माहेरी परत आली. का आली, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सकाळी ती खाखरे भाजते, दुपारी बायकांच्या साड्यांना फॉल लावते. तोंडाचा पट्टा आणि हातातली सुई, दोन्ही सारख्याच वेगाने चालतात. परागच्या आईला, निर्मळाभाभीला, दम्याचा त्रास, त्यामुळे परागला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं पोरवयापासून रसिलानेच केलं.

कंसारांकडे बाळाचं नाव फईच ठेवते. पाळणा नसतो. चार मुलं कापडाची चार टोकं धरून झोळी करतात, बाळाला झुलवतात, आणि फई वाकून कानात नाव सांगते. परागचं नाव ठेवलं थोरल्या फईने, मुक्ताने. त्याच साली मुक्ताने परजातीतल्या एका मोटर मेकॅनिकशी लग्न केलं आणि परागच्या वडिलांनी, वजुभाईंनी, बहिणीचं नाव घरातून बंद केलं.

पराग चारेक वर्षांचा असेल. मी त्यांच्या ओट्यावर भाजी निवडत होते. त्याने बापाला विचारलं, "पप्पा, माझं नाव कोणी ठेवलं?"

"रसिलाफईने," वजुभाई म्हणाले.

"मोटाभाई, मी कुठे? मी तर..." रसिला थोरल्या भावाला म्हणाली.

"तूच. एवढीशी होतीस, तुला काय आठवणार?"

ते आत गेल्यावर भाभी माझ्या कानाशी लागली, "बेन, नाव मुक्ताबेननीच ठेवलं होतं. पण यांच्यापुढे बोलणार कोण?"

पुढे दर वाढदिवसाला ती गोष्ट निघायची. पराग हट्ट करायचा, "फई, सांग ना!" पहिली काही वर्षं रसिला "ठेवलं बाई मीच, झोप आता" एवढंच म्हणायची. मग गोष्टीत पिंपळाचं पान आलं. मग पानावरचं पाणी बाळाच्या नाकावर पडलं. कुणी विचारलं, "साडी कोणती होती गं?" तर एका वर्षी "आठवत नाही" म्हणालेली रसिला पुढच्या वर्षी "नारंगी बांधणी" म्हणाली. खोटं बोलताना ती मान खाली घालते, हे मला ठाऊक आहे. त्या गोष्टीत तिची मान खाली गेली नाही. मी त्या बारशाला नव्हते, पण ऐकून ऐकून ती नारंगी बांधणी मलाही दिसायची.

वजुभाई गेले. परागचं लग्न ठरलं, तेव्हा भाभीने मुक्ताला बोलावलं. या घराची रीत अशी की वरात निघण्याआधी नवऱ्या मुलाला पहिला टिळा नाव ठेवणारीने लावायचा. मुक्ता आली आणि भिंतीशी बसली. केस पांढरे झाले होते. तिची नजर कुंकवाच्या ताटावरून हलत नव्हती. ताट रसिलाच्या हातात होतं.

भाभीच्या माहेरची मावशी, जडावमासी, पहिल्यांदाच आली होती. म्हणाली, "अगं रसिला, एवढी ऐटीत उभी आहेस, तर नाव कसं ठेवलंस ते सांग की आम्हाला!"

"काय सांगू मासी, हा तेव्हापासूनच खादाड! झोळीत असा जड, की कापडाचं टोक माझ्या बोटांतून निसटायला लागलं. मी दोन्ही हातांनी आवळून धरलं, बोटं लाल झाली..."

"म्हणजे टोक तुझ्या हातात?" मासी हसली. "मग कानाशी कोण वाकलं होतं गं? का तुला चार हात आहेत?"

बायका हसल्या. रसिलाही हसली. मग तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. भाभी पदराचं टोक पिळत होती.

"भाभी," रसिला म्हणाली, "मी टोक धरलं होतं?"

भाभीने होकारार्थी मान हलवली.

भिंतीपासून मुक्ता म्हणाली, "राहू दे रसु. तू वाढवलंस त्याला. लाव टिळा, मुहूर्त चाललाय."

रसिलाने ताट छातीशी धरलं होतं. पराग म्हणाला, "फई?" तेव्हा दोघींनीही मान वर केली. मग रसिला चालत भिंतीशी गेली आणि ताट मुक्ताच्या मांडीवर ठेवलं. "ऊठ. आणि नीट लाव, मागे दिवाळीला घरच्या भिंतीवर कुंकवाचा टिळा लावायचीस, तसा वाकडा नको."

मुक्ताने टिळा लावला. तो वाकडाच झाला.

वरात गेल्यावर रसिला माझ्या ओट्यावर येऊन बसली. मी चहा दिला.

"बेन, आता कळलं मला. भाभी म्हणते ते खरं, टोक धरून लाल झालेली बोटंही खरी. पण डोळे मिटले की अजून मीच वाकलेली दिसते. पान ओलं, बांधणी नारंगी. ते जातच नाही हो. काय करायचं त्याचं?"

तिने बशीत चहा ओतला आणि फुंकर घालत पिऊ लागली.