दोन गोड नकार आणि एक दुभाषा

महाडच्या वाचनालयातल्या मंडळींनो, आज फलकावर सुविचार नाही, माझा संताप वाचा.

जपानहून भातशेती शिकवायला आलेल्या साहेबांचा दुभाषा म्हणून मी सकाळी उमरठला गेलो होतो. जपानी सहायक क्रियापदं वर्षभर घोकलीत मी. आपल्यासारखीच आहेत हो, करून बघणं, करून ठेवणं!

साहेब शेतकरी आबांना म्हणाले, "रोपं दोरी धरून ओळीत लावा."

"लावून बघतो की!" आबा म्हणाले. मी चोख भाषांतर केलं. साहेब खूश.

साहेबांची पाठ वळताच आबा कुजबुजले, "पावण्याला तोंडावर नाय कसं म्हनायचं, गुरुजी?"

वर आबांनीच साहेबांना जेवायला थांबायचा आग्रह केला. साहेब हसून म्हणाले, "विचार करून ठेवतो." मी तेही चोख सांगितलं. आबांच्या घरच्या काकूंनी कोंबडं शिजवलं, पानं मांडली, आणि साहेब सरळ जीपमध्ये जाऊन बसले! जपानीतलं 'विचार करून ठेवतो' हाही नकारच होता.

वर्षभर घोकून मला साधं 'नाही' ओळखता येऊ नये?

जीपमध्ये साहेबांनी विचारलं, "पुढच्या गावाला याल ना?"

सांगा मंडळी, मी काय म्हणालो असेन?

"येऊन बघतो." तेही अस्खलित जपानीत.