तीन सुनांच्या घागरी

नारायणगडाच्या जत्रेतला तो तांबट आठवला, की अजून माझं डोकं फिरतं. तीन सुनांत भांडण नको म्हणून मी त्याला तीन अगदी सारख्या घागरी सांगितल्या होत्या. तो पत्र्यावर दोन ठोके मारी, नखानं टिचकी वाजवी आणि एक डोळा मिटून बघत बसे. शेवटी एक घागर फुगीर झाली, एक उभट, एक सुबक.

मी तडकलो. "हैदराबादच्या टांकसाळीत एका ठशातून हजारो नाणी सारखी निघतात. तुला तीन घागरी जमंनात व्हय बे?"

"तिनासाठी ठसा कोन घडवील, मालक? हातानंच ठोकायचं. आन् सुना तरी कुठं सारख्या हायत?"

तिघींनाही ती सुबकच हवी. म्हणून आडावरचं पाणी आता मीच भरतो.