मेन स्विच खाली ओढला तेव्हा

सन दोन हजारच्या सुमारास मी भिवंडीत टेम्पोने सूत पोचवायचो. तिथल्या एका यंत्रमाग कारखान्यात खिडकीजवळच्या मागावर एक माणूस असायचा. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मागांच्या खडखडाटात काही ऐकू यायचं नाही, म्हणून तिथे सगळे ओठांवरून बोलणं ओळखायचे. याचे ओठ तर दिवसभर हलायचे, तुटलेला धागा जोडतानासुद्धा, पण तोंड खिडकीकडे असल्याने शब्द कुणालाच लागायचे नाहीत. हा शेठला शिव्या घालतो, असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं आणि त्याच्यावर जाम खूश होतो.

मग कारखाना बंद करून माग भंगारात विकायचं ठरलं. शेवटच्या दिवशी मीही तिथे होतो. शेठने स्वतः मेन स्विच खाली ओढला. सगळे माग गप्प झाले आणि त्या शांततेत एकच आवाज उरला, फाटका, बेसूर आणि दणदणीत. खिडकीजवळचा तो गडी डोळे मिटून येशूचं गाणं गात होता. आधी एक जण हसला, मग सगळे, शेवटी रडवेला शेठही. गड्याने डोळे उघडले आणि तो सगळ्यांहून जास्त हसला.

मी म्हटलं, "उद्यापासून काम नाही आणि तुला गाणं सुचतंय?"

भुवयांवरचा कापूस झटकत तो म्हणाला, "पगार झाला का मी पन खूश व्हायचो, भाऊ. दोन दिसांत उतरायचं. ह्यो आनंद येशूनं दिलाय. त्याला मेन स्विच न्हाय."

ते गाणं अजून माझ्या तोंडात आहे. टेम्पो चालवताना मी ते मोठ्याने म्हणतो. शेजारच्या गाडीवाल्यांना वाटत असेल, मी शिव्या घालतोय.