पर्याय नसलेला प्रश्न

लातूरला मी नीटच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होते. तास सुरू झाला की पोरं आधी एकच विचारायची, "मॅडम, हे येतं का?" म्हणजे पेपरात. येत नसेल, तर पेनाला टोपण लागलंच म्हणून समजा.

मला त्या प्रश्नाची भयंकर चीड होती. म्हणून एके दिवशी मी मुद्दाम न येणारंच शिकवायला घेतलं. छातीत हृदयाच्या वर थायमस नावाची ग्रंथी असते. रक्तातल्या काही लढाऊ पेशी तिथं लहानाच्या मोठ्या होतात. आपलं कोण, परकं कोण, ही पारख त्या तिथंच शिकतात. इथवर पेपरात येतं, पुढचं नाही. ही पारख किती कडक ठेवायची, यात काही चिमुकल्या आरएनएंचा हात असतो. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. ते दुसऱ्या आरएनएला चिकटतात आणि त्याचं प्रथिन बनणं आवरतात, एवढंच. पण ते नसले तर या पेशी धड वाढत नाहीत.

जळकोटकडची एक मुलगी उठली. "मॅडम, मंग तुमच्या बोटाचं बी त्याच्यानंच झालंय का?"

माझी बोटं आमवातानं वाकडी झालीत. माझ्याच पेशी माझ्या सांध्यांच्या जिवावर उठल्यात. इतकी वर्षं सगळे त्या बोटांकडे चोरून बघायचे, विचारलं कुणीच नव्हतं. मला फार बरं वाटलं.

"असेलही," मी म्हटलं. "शोध चालू आहे. नक्की माहीत नाही."

क्लासच्या मालकांनी हे वर्गातल्या कॅमेऱ्यावर ऐकलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं. "'माहीत न्हाई' ऐकायला पालक लेकरं पाठवायलेत का? उद्या वर्गात सांगा, ते सगळं विसरा म्हणून. न्हाईतर दुसरा क्लास बघा." माझी औषधं याच पगारावर चालायची, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले. मी खडू घेतला आणि त्या मुलीचा प्रश्न जसाच्या तसा फळ्यावर लिहिला. पोरांनी पेनं सरसावली.

"मॅडम, पर्याय?"

"नाहीत. उत्तर अजून सापडायचंय. तुमच्यापैकीच कुणीतरी शोधा."

मालक ताडकन उठून बाहेर गेले. नोकरी गेली, हे मला कळलं. पण तास संपायला अजून वेळ होता. मी प्रश्नाखाली जाड रेघ ओढली आणि शिकवत राहिले.